भारताच्या मुलींची आइस हॉकी मॅच पहिल्यांदा बघताय? मग अशी बघा

आपल्या महिला टीममधल्या बहुतेक जणी लडाखच्या, गोठलेल्या तळ्यांवर खेळून तयार झालेल्या, आणि 2025 ला यूएईतल्या अल ऐनमध्ये आशिया कपचं ब्राँझ आणलंय त्यांनी!

मॅच लागली की पक (स्टिकने मारतात ती रबरी चकती) शोधत बसू नका, तो फार फास्ट असतो, खेळाडूंकडे बघा म्हणजे पक आपोआप दिसायला लागतो. गोलकीपर धरून सहा जणी, 20-20 मिनिटांचे तीन पिरियड, एवढं पुरे.

खरं लक्ष ठेवा बेंचवर. साधारण 45 सेकंदांनी खेळाडू बदलतात, तेही खेळ चालू असताना, आणि छोट्या टीमकडे तयार मुली कमी असल्या की त्याच त्याच परत उतरतात, म्हणून तिसऱ्या पिरियडला पाय जड होतात. दमल्यावर आपल्या अर्ध्यातून पक थेट पलीकडच्या टोकाला मारला तर आयसिंग नावाची चूक होते, मग फेसऑफ (दोघींच्या मध्ये पक टाकून खेळ परत सुरू करणं) आपल्याच गोलजवळ आणि बदलीही करता येत नाही, त्याच दमलेल्या पाच जणींनी निभवायचं. मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं बघायला.

स्कोअर बरोबरीत असेल तर शेवटपर्यंत उठू नका, साखळी मॅच ओव्हरटाइममध्ये हरलं तरी 1 पॉइंट मिळतो.