दिवसाला किती लागतात? पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्यांसाठी कॅशिअर काकूंचा जमाखर्च

"काकू, दिवसाला किती लागतात?" व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, थायलंड असा दोन महिन्यांचा बेत कुणी आखला की पहिला प्रश्न हाच. माझी अख्खी नोकरी पतसंस्थेच्या कॅश काउंटरवर गेली, त्यामुळे एका आकड्यात उत्तर द्यायला जीभ रेटत नाही. "दिवसाला ३० डॉलर" असं जिथे-तिथे लिहिलेलं असतं. आकडा खोटा नाही, पण तो सरासरीचा आहे, आणि सरासरीइतका खर्च कुठल्याच दिवशी होत नाही. एखादा दिवस चौदाशेत निघतो, एखादा सहा हजार गिळतो. कुठला दिवस किती गिळणार हे आधी कळलं की बजेट जमलंच.

सुरुवात घरापासून करा. तुम्ही हनोईत फो (शेवयांचं सूप) खात असताना इथे सोसायटीचा मेंटेनन्स, विम्याचा हप्ता, कर्जाचा ईएमआय, वीजबिल थांबत नाही. हे दोन महिन्यांचे पैसे वेगळ्या खात्यात टाका आणि प्रवासाच्या हिशेबात धरूच नका. भारतातलं सिम चालू ठेवून रोमिंग सुरू करून घ्या, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि खात्यात पैसे असून तुम्ही कंगाल.

आता समजा, घर सोडून हातात २,४०,००० रुपये आहेत आणि दिवस ६०. डॉलर मी ९० रुपयांना धरते, तुम्ही निघाल तेव्हाचा भाव घाला. याला थेट साठाने भागलं की ४,००० येतात आणि माणूस खूश होतो. तो भागाकार करू नका. आधी एकदाच होणारे खर्च वजा करा. मुंबईहून हनोईला जाणं आणि बँकॉकहून परत येणं, ३०,००० धरा. परतीचं तिकीट मुद्दाम दुसऱ्या शहरातून, म्हणजे सुरुवातीच्या गावी परत जायचा खर्च वाचतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशाला २५ डॉलर (२०२३च्या ऑगस्टपासून तो ९० दिवसांचा मिळतो), कंबोडियाचा ३०, लाओसला ५० धरून ठेवा. मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास. थायलंडचे नियम सारखे बदलतात, तिकीट काढायच्या आधी त्यांच्या दूतावासाच्या साइटवर बघा. प्रवासविमा साडेपाच हजार. झाले ४५,०००.

मग राखीव. ३०,००० बाजूला, वेगळ्या खात्यात, वेगळ्या कार्डावर, आणि ते कार्ड सॅकच्या तळाशी. हे पैसे कशासाठी? रातोरात घरी यायची वेळ आली तर तिकिटासाठी आणि दवाखान्यासाठी. माकड किंवा कुत्रं चावलं तर रेबीजची इंजेक्शनं लगेच घ्यावी लागतात. तिथे पैसे बहुतेक वेळा आधी आपणच भरायचे असतात, विमा कंपनी पावत्या बघून मागाहून देते. राखीव रक्कम ही रोजच्या बजेटची उशी नव्हे. शेवटच्या आठवड्यात "उरलेच आहेत तर" म्हणून तिला हात लावायचा नाही.

उरले १,६५,०००. भागिले ६०, म्हणजे दिवसाला २,७५०. हा तुमचा खरा आकडा.

आता माझ्या वहीतली मुख्य गोष्ट. मी दिवसांचे तीन प्रकार करते: बसता, चालता आणि मोठा.

बसता दिवस म्हणजे त्याच गावात, त्याच पलंगावर. हनोईत डॉर्ममधला (अनेकांच्या खोलीतला) पलंग १,७०,००० डाँग (व्हिएतनामचं चलन), त्यात कित्येकदा सकाळचा नाश्ता येतो. दोन-तीन वेळचं खाणं १,५०,०००, कॉफी २५,०००, किरकोळ ५५,०००. एकूण ४ लाख डाँग. ऐकून छातीत धस्स होतं, पण व्हिएतनाममध्ये हिशेबाची एक सोपी युक्ती आहे: शेवटची तीन शून्यं पुसा आणि साडेतीनने गुणा. ४०० गुणिले साडेतीन, १,४०० रुपये. ५०,००० डाँगचा फो म्हणजे १७५ रुपये. दोन दिवसांत हे तोंडपाठ होतं.

चालता दिवस म्हणजे गाव बदलण्याचा. बसचं तिकीट तेवढं सगळ्यांना दिसतं. पण हॉस्टेलपासून बसपर्यंत ग्रॅब (अ‍ॅपवरून बोलावलेली गाडी), उतरल्यावर पुन्हा ग्रॅब, थांब्यावरचं महाग आणि बेचव जेवण, पाण्याच्या बाटल्या, नव्या गावात पहिल्याच दिसलेल्या हॉटेलात दमून घेतलेली खोली, हे सगळं त्याच दिवशी पडतं. चारही देश मिळून असा दिवस २,८०० ला धरा. हनोई ते हुए रात्रीची स्लीपर बस घेतली तर एका पलंगाचे पैसे वाचतात, हे खरं. चढतानाच ड्रायव्हरचा माणूस चपला काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायला लावतो, पिशवी पायाशी. पलंग मात्र तिथल्या माणसांच्या उंचीचा. तुम्ही पावणेसहा फुटांचे असाल तर रात्रभर गुडघे पोटाशी, आणि दुसऱ्या दिवशी झोप काढायला दुपारीच खोली घ्यावी लागते. मग काय वाचलं?

मोठा दिवस म्हणजे ज्यासाठी आलो तो. हालाँगच्या उपसागरातली बोट, उत्तर व्हिएतनाममधल्या "हा जांग"चे घाट, कंबोडियातली अंगकोरची देवळं. सरासरी ५,५०० धरा आणि इथे कंजुषी करू नका.

आता ६० दिवस मांडून बघा:

बसते ३४ × १,६०० = ५४,४००
चालते १६ × २,८०० = ४४,८००
मोठे १० × ५,५०० = ५५,०००
एकूण १,५४,२००

(बसत्याला १,४०० ऐवजी १,६०० घेतले, कारण थायलंडची बेटं व्हिएतनामपेक्षा महाग पडतात.) म्हणजे १०,८०० शिल्लक. आता याच बेतात आठ गावं वाढवा: बसते २६, चालते २४. खर्च ९,६०० ने वाढला, शिल्लक उरली १,२००. उलट बाजूने, साठही दिवस रोजची २५,००० डाँगची कॉफी सोडली तर वाचतात सव्वापाच हजार. म्हणून सांगते, कॉफी प्या, गावं कमी करा. तरुण मुलं बान्ह मीच्या (भरलेल्या पावाच्या) गाडीवर पाच हजार डाँगसाठी घासाघीस करतात आणि दर दोन दिवसांनी बस बदलतात. पैसा बसमध्ये जातोय, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

बसायला चांगली गावं कुठली? हुए, निन्ह बिन्हजवळचं ताम कोक, लुआंग प्राबांग, काम्पोट, चिआंग माई. आठवडाभर राहणार असाल तर गेस्टहाऊसच्या मालकिणीला समोर उभं राहून आठवड्याचा भाव विचारा, अ‍ॅपवर दिसतो त्याहून कमी सांगतात. दोघं असाल तर डॉर्मचे दोन पलंग आणि एक साधी खोली यांत फारसा फरक राहत नाही. मग खोलीच घ्या.

कधीकधी महाग वाहनच स्वस्त पडतं. लुआंग प्राबांग ते व्हिएंतियान घाटातून बसने दिवस जातो. २०२१च्या डिसेंबरात सुरू झालेल्या चिनी रेल्वेने सुमारे दोन तास. तिकीट बसपेक्षा जास्त, पण चालता दिवस अर्ध्यावर येतो. याउलट थायलंडच्या सीमेवरच्या हुआय सायहून मेकाँगमधून लुआंग प्राबांगला येणारी संथ बोट दोन दिवस घेते, मध्ये पाकबेंगला मुक्काम. तिला मी मोठ्या दिवसांत धरते. चढायच्या आधी बाजारातून फळं, भात, पाणी घेऊन ठेवा. बोटीवर सगळं महाग.

अंगकोरचा पास एका दिवसाला ३७ डॉलर, तीन दिवसांना ६२, सात दिवसांना ७२. तीन दिवसांचा दहा दिवसांत कधीही वापरता येतो, लागोपाठ जायला नको. मी म्हणेन ६२ वाला घ्या आणि मध्ये एकेक दिवस सिएम रीपमध्ये नुसते पडून राहा. टुकटुक चौघांत वाटून घ्या, किंवा छोट्या फेरीसाठी भाड्याची सायकल. मात्र उन्हाळ्यात दुपारी सायकल नको, तो हट्ट दवाखान्यात नेतो.

हा जांगच्या घाटात मोटरसायकल स्वतः चालवायची असेल तर आपला परवाना तिथे चालतो का आणि विमा दुचाकीचा अपघात भरून देतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. मला विचाराल तर तिथल्या माणसाच्या मागे बसा. खर्च जास्त येतो, पण हाड मोडण्यापेक्षा कमीच.

शाकाहारी मंडळी खर्चाच्या बाबतीत उगाच घाबरतात. व्हिएतनाममध्ये पाटीवर "चाय" दिसलं की ते शाकाहारी. कोम चायच्या दुकानात भात आणि चार भाज्यांची थाळी ३०-४० हजार डाँगला मिळते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथले बौद्ध लोक, आपण एकादशी करतो तसे, मांसाहार टाळतात. त्या दिवशी अशी दुकानं गजबजतात. थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत "जे" लिहिलेलं शोधा. इतर ठिकाणी "भाजी" म्हणून जे येतं त्यात माशाचा सॉस असतोच. मी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जाते. लाओसमध्ये बाजारात गरम चिकट भात मिळतो, त्यावर मेतकूट, वर पेरूच्या चार फोडी. रात्रीचं जेवण झालं.

आता पैसे काढण्याचा खर्च, जो कुणी मोजत नाही. साधं भारतीय कार्ड परदेशात वापरलं तर बहुतेक बँका साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतात, मिळून ४.१३ टक्के. १,६५,००० वर हे ६,८०० रुपये होतात, म्हणजे जवळजवळ अडीच दिवस. मार्कअप नसलेलं कार्ड निघायच्या महिनाभर आधी काढा. फॉरेक्स कार्ड घेताना नीट विचारा: त्यावर डाँग, किप (लाओसचं चलन), रिएल (कंबोडियाचं) सहसा भरता येत नाहीत, डॉलर भरले तर बदलीचा आकार पुन्हा लागतो. थायलंडचं एटीएम दर वेळी ठरावीक रक्कम कापतं, ती २२० बाहत धरून बघा. ३,००० बाहत काढले तर सात टक्के गेले, १०,००० काढले तर सव्वादोन. म्हणून कमी वेळा आणि जास्त काढा, पण सगळे एका खिशात ठेवू नका. यंत्राने "रुपयांत आकारू का?" असं विचारलं की नाही म्हणा, तिथल्याच चलनात घ्या, नाहीतर भाव ते ठरवतात.

कंबोडियात डॉलर सरळ चालतात, सुट्टे रिएलमध्ये परत मिळतात, ४,००० ला एक डॉलर असा ढोबळ भाव. पण नोटेला कणभर चीर असली तरी दुकानदार परत करतो, तेव्हा भारतातून नेताना मनी चेंजरकडून कोऱ्या नोटा मागून घ्या आणि तिथे घेतानाही उजेडात धरून बघा. किप लाओसबाहेर कुणी घेत नाही, सीमेच्या अलीकडेच संपवा. व्हिएतनामची २०,००० ची आणि ५ लाखांची, दोन्ही नोटा निळसर. अंधारात रिक्षावाल्याला ७० रुपयांऐवजी १,७५० दिले जातात. ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात.

टीसीएसची (परदेशी पैसे पाठवताना आधीच कापला जाणारा कर) धास्ती एवढ्या रकमेला नको. १ एप्रिल २०२५ पासून परदेशी पाठवलेले १० लाखांपर्यंतचे पैसे त्यातून सुटले आहेत. एजंटकडून टूर पॅकेज घेतलं तर मात्र पहिल्या रुपयापासून कापतात.

रोजचा हिशेब लिहायचा कसा? चहाचे पाच हजार, केळ्याचे दहा हजार असं लिहीत बसलात तर चौथ्या दिवशी वही बंद पडते. काउंटरची पद्धत वापरा. रात्री झोपताना पाकीट मोजा. आरंभीची शिल्लक, अधिक एटीएममधून काढलेले, वजा अखेरची शिल्लक, म्हणजे आजचा खर्च. कार्डाने दिलेलं तेवढं वेगळं. शेजारी गावाचं नाव आणि "ब", "चा" किंवा "मो". दोन मिनिटांचं काम. बुक केलेल्या तिकिटाचे पैसे आज गेले तरी नोंद प्रवासाच्या तारखेला करा, नाहीतर प्रकारांची सरासरी बिघडते.

मेळ मात्र आठवड्याने घाला. सात दिवसांचे १९,२५०. त्याच्या वर गेलात तर जेवण तोडू नका. पुढच्या आठवड्यातलं एक गाव काटा आणि आहात तिथे तीन दिवस जास्त राहा. दोन आठवडे लागोपाठ तोटा दिसला तर मोठ्या दिवसांची यादी काढून शेवटचा एक खोडा.

तारखांचाही भाव असतो. व्हिएतनामचं नववर्ष, टेत, जानेवारी-फेब्रुवारीत येतं. तेव्हा बसची तिकिटं महागतात आणि खाण्याची दुकानं बंद. थायलंडचं सोंगक्रान १३ ते १५ एप्रिल, त्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढे. उत्तर थायलंड आणि लाओसमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर असतो. खोल्या स्वस्त मिळतील, पण डोंगर दिसणार नाहीत.

बँकॉकला शेवटचे तीन-चार दिवस बसते ठेवा. एटीएमला पुन्हा जावं लागू नये इतके बाहत हातात असू द्या, त्यातले ४५ विमानतळाच्या रेल्वेसाठी आधीच वेगळे काढा; फाया थाईहून सुवर्णभूमीपर्यंत तेवढेच लागतात. तुमचं विमान डॉन म्युआंगहून असेल तर ही रेल्वे उपयोगाची नाही, तिकिटावरचं विमानतळाचं नाव आदल्या रात्रीच वाचून ठेवा.