पावसाळ्यात जहाजाच्या प्रतिकृतीच्या पट्ट्या वाकवताना

१८१७ साली मुंबईच्या गोदीत सागवानी लाकडाने बांधलेल्या 'त्रिंकोमाली' या युद्धनौकेची प्रतिकृती करताना नाळेजवळची (जहाजाच्या पुढच्या टोकाजवळची) लाकडी पट्टी कोरडीच वाकवली, तर ती हमखास तडकते. १ मिलिमीटर जाडीची पट्टी २० मिनिटे कढत पाण्यात ठेवावी आणि गोंद न लावता, कपड्यांच्या चिमट्यांनी सांगाड्यावर धरून रात्रभर सुकू द्यावी. चिमट्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा घातल्यास लाकडावर वण उमटत नाहीत. सकाळी आकार टिकलेला दिसला, तरच फेव्हिकॉल लावावा.

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मात्र पंख्याखाली दोन दिवस द्यावेत, कारण ओलसर पट्टी घाईने चिकटवली, तर डिसेंबरात ती आकसून सांध्यांत फटी पडतात, आणि त्या बुजवणे हे वाकवण्याहून अधिक कंटाळवाणे काम आहे.