ऑनलाइन स्पर्धेसाठी तंत्रज्ञान प्रकल्पाचं सादरीकरण कसं तयार करावं

विज्ञान प्रदर्शनात परीक्षक टेबलापाशी येतात, मॉडेलभोवती फिरतात, एखादी वायर हलवून बघतात आणि मग मुलांना विचारतात, "हे बंद करून परत चालू कर बरं." ऑनलाइन स्पर्धेत मॉडेल शाळेतच राहतं आणि परीक्षकांपर्यंत पोहोचतो फक्त व्हिडिओ, चार-सहा स्लाइड आणि फार तर पाच-दहा मिनिटांचा कॉल. कोविडच्या काळात इन्स्पायर-मानकची (शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना) प्रदर्शनं ऑनलाइन झाली. ऑगस्ट २०२० मध्ये स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेची सॉफ्टवेअरची अंतिम फेरीही तशीच झाली. तेव्हापासून निदान पहिली चाळणी व्हिडिओवर लावायची पद्धत बऱ्याच स्पर्धांनी पुढे चालू ठेवली आहे. त्यामुळे प्रकल्प चालतो एवढं पुरत नाही, तो चालताना कॅमेऱ्याला दिसला पाहिजे. तयारी कशी करायची ते एक प्रकल्प समोर ठेवून पाहू.

समजा, निफाडकडच्या शाळेतल्या आठवीच्या तिघांनी कांदाचाळीसाठी यंत्रणा केली आहे. चाळीतली आर्द्रता वाढली की पंखा सुरू होतो आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जातो. आत अर्डुइनो उनो (प्रोग्राम भरायचा छोटा सर्किट बोर्ड), आर्द्रता मोजणारा डीएचटी-११ सेन्सर, एक रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) आणि मेसेज पाठवण्यासाठी सिम कार्ड घालायचं जीएसएम मॉड्यूल. एकूण खर्च दीड-दोन हजारांच्या आसपास.

आधी नियमावली, मग स्लाइड

नियमावलीची प्रिंट काढा आणि गुण कशाला आहेत त्या ओळींखाली रेघ मारा. इन्स्पायर-मानकमध्ये कल्पनेचं नावीन्य, समाजाला होणारा उपयोग, पर्यावरणाला त्रास न होणं, वापरायला सोपं असणं आणि आज बाजारात जे आहे त्यापेक्षा सरस असणं, या गोष्टी पाहिल्या जातात. आता आपल्या सादरीकरणात यातल्या प्रत्येकाला निदान एक वाक्य आहे का ते तपासा. बहुतेक मुलं 'सर्किट कसं जोडलं' यात दोन मिनिटं घालवतात आणि 'बाजारात जे आहे त्यापेक्षा वेगळं काय' याला एक वाक्यही देत नाहीत. गुण मात्र दुसऱ्या गोष्टीला असतात.

व्हिडिओची कमाल लांबी, फाइलचा आकार, भाषा आणि चेहरा दिसणं बंधनकारक आहे का, हेही त्याच कागदावर लिहा. मराठी चालत असेल तर मराठीतच बोला. पाठ केलेल्या इंग्रजीत मूल अडखळलं की परीक्षकांना वाटतं प्रकल्पच त्याला कळलेला नाही.

अडचण एका माणसाची सांगा

"भारत हा कृषिप्रधान देश आहे" या वाक्याने सुरुवात करू नका. परीक्षकांनी ते त्या दिवशी आधीच पुष्कळदा ऐकलेलं असतं. त्याऐवजी: "माझ्या काकांनी एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा चाळीत भरला. पावसाळ्यात वरून सगळं ठीक दिसत होतं, मधला थर मात्र सडला. ते कळलं वास आल्यावर." तीन वाक्यांत अडचण, जागा आणि ती आजवर कशी कळत होती, हे सगळं आलं. आकडा द्यायचा तर काकांचाच द्या: किती क्विंटल भरला, किती विकायला निघाला. नेटवरून उचललेली टक्केवारी टाकली तर पहिला प्रश्न तिच्यावरच येतो.

पुरावा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

चाळीत साठवलेल्या कांद्याला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता चांगली मानतात. म्हणजे आर्द्रतेचा योग्य पट्टा जेमतेम पाच टक्क्यांचा. आणि डीएचटी-११ ची अचूकता किती? अधिक-उणे पाच टक्के! जाणकार परीक्षक हे एका क्षणात पकडतील: "तुमचा सेन्सर ७० दाखवतो तेव्हा खरी आर्द्रता ६५ ही असू शकते आणि ७५ ही. मग पंखा कशाच्या भरवशावर लावता?"

यावर दोन उपाय आहेत. एक तर डीएचटी-२२ वापरा. तो थोडा महाग आहे, पण त्याची चूक साधारण दोन टक्क्यांची. किंवा आहे तोच सेन्सर तपासून घ्या, आणि त्याला लागतं फक्त स्वयंपाकघरातलं मीठ. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते ओलसर होईल इतकंच पाणी घाला. मीठ विरघळून जाता कामा नये, लगद्यासारखं राहिलं पाहिजे. हे झाकण आणि सेन्सर घट्ट झाकणाच्या डब्यात शेजारी-शेजारी ठेवा, वायरीची फट चिकटपट्टीने बंद करा आणि रात्रभर तसंच राहू द्या. अशा बंद डब्यात आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. सकाळी सेन्सर ७९ दाखवत असेल तर तो चार टक्के जास्त दाखवतो आहे. प्रोग्राममध्ये तेवढे वजा करा.

या डब्याचा फोटो एका स्लाइडवर टाका. महागड्या थ्रीडी प्रिंट केलेल्या खोक्यापेक्षा मला हा फोटो कितीतरी मोलाचा वाटतो, कारण मूल स्वतःच्या यंत्रावर शंका घ्यायला शिकलं आहे हे त्यात दिसतं.

त्याच्या जोडीला नोंदवही हवी. तारीख, वेळ, चाळीतलं वाचन, पंखा चालू की बंद, असे साधे रकाने पुरतात. वहीच्या पानाचा फोटो जसाच्या तसा दाखवा, खाडाखोड असली तरी. फसलेला प्रयोगही लिहिलेला असू द्या.

बोलायचं काय ते लिहून काढा, पण पाठ करू नका

सावकाश मराठीत मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. व्हिडिओ तीन मिनिटांचा असेल तर संहिता साडेतीनशे शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नका. पहिल्या तीस सेकंदांत अडचण सांगून यंत्र चालताना दिसलं पाहिजे. नाव, शाळा, मार्गदर्शक, मुख्याध्यापकांचे आभार हे सगळं स्लाइडवर लिहा, बोलू नका. (मुख्याध्यापकांना हे आधीच सांगून ठेवा.)

तिघांनी आळीपाळीने एकेक वाक्य बोलायची कवायतही नको. ज्याने सर्किट जोडलं त्याने सर्किट सांगावं, जी चाळीत जाऊन वाचनं घेत होती तिने वाचनं सांगावीत. शिक्षकांनी आणि पालकांनी संहितेतल्या चुका जरूर दुरुस्त कराव्यात, पण मुलाच्या तोंडी 'सदर उपकरणाच्या माध्यमातून' घालू नये.

चित्रीकरण

मोबाइल आडवा धरा आणि स्टँडवर ठेवा. स्टँड नसेल तर पुस्तकांच्या थप्पीला टेकवा. मूल खिडकीकडे तोंड करून बसू दे. खिडकी पाठीशी आली की चेहरा काळा पडतो. पंखा, मिक्सर, शाळेची घंटा यांचा विचार करून वेळ ठरवा. चित्र थोडं अंधुक असलं तर चालून जातं, आवाज खराब असेल तर परीक्षक पुढे सरकतात. साध्या वायरच्या इअरफोनचा माइक कॉलरजवळ लावला तरी मोठा फरक पडतो.

ट्यूबलाइट किंवा एलईडीच्या उजेडात व्हिडिओत पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकर किंवा फ्रिक्वेन्सी शोधून ५० हर्ट्झ निवडा, कारण आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. यंत्राच्या लहान एलसीडी पडद्यावरचा आकडा समोरून नीट दिसत नसेल तर यंत्र जरासं तिरकं करा आणि तो आकडा वेगळा जवळून टिपा.

प्रात्यक्षिकाचा भाग मात्र एका सलग शॉटमध्ये घ्या, मध्ये कापू नका. सेन्सरजवळ ओलं फडकं धरलं, आकडा चढला, रिलेचा 'टक' आवाज आला, पंखा फिरला, मोबाइलवर मेसेज वाजला, हे सगळं एकाच चौकटीत दिसायला हवं. डीएचटी-११ आळशी आहे, आकडा चढायला काही सेकंद घेतो. ती शांतता नकोशी वाटते म्हणून मुलं नेमकी तिथेच कात्री लावतात आणि परीक्षकांना नेमकी तिथेच शंका येते. त्या सेकंदांत ७० ही मर्यादा का ठरवली ते बोला.

स्लाइड

पाच-सहा पुरे. एका स्लाइडवर एक चित्र आणि एक ओळ. उडत येणारी अक्षरं नकोत. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसेल तर अगम्य इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. शेवटी फाइल पीडीएफ करा आणि स्वतःच्या नव्हे, दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर उघडून बघा.

थेट कॉलची तयारी

जीएसएम मॉड्यूल वापरलं असेल तर हे लक्षात ठेवा: सिम८००एल सारखं मॉड्यूल मेसेज पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट खेचतं. अर्डुइनोच्या पाच व्होल्टवर त्याचं भागत नाही. यंत्र ऐन वेळी रिसेट होतं आणि मूल गोंधळून जातं. त्याला वेगळा पुरवठा द्या, व्होल्टेज मात्र त्याच्या मर्यादेत, म्हणजे चार व्होल्टच्या आसपास ठेवा. शिवाय हे मॉड्यूल २जी वर चालतं. जिओचं सिम घातलं तर मेसेज जाणारच नाही, कारण जिओचं २जी नेटवर्कच नाही.

कॉलला दोन उपकरणं ठेवा: एक चेहऱ्यासाठी आणि एक यंत्रावर रोखलेलं. दोन्ही एकाच खोलीत असतील तर दुसऱ्याचा माइक आणि स्पीकर बंद, नाहीतर आवाज घुमतो. वीज जाणार असं धरूनच चला: फोन पूर्ण चार्ज, नेटसाठी दुसऱ्या कंपनीचा हॉटस्पॉट, यंत्रासाठी बॅटरी. नेट फारच अडखळलं तर आपला कॅमेरा बंद करून फक्त आवाज ठेवा आणि प्रात्यक्षिकाची व्हिडिओ लिंक चॅटमध्ये टाका. ती लिंक आधीच कॉपी करून ठेवलेली असावी.

रंगीत तालीम घ्या, आणि परीक्षक म्हणून या विषयातलं काहीच न कळणाऱ्या माणसाला बसवा. मराठीच्या बाई उत्तम. त्या विचारतील ते प्रश्न विज्ञानाच्या सरांना सुचणार नाहीत.

प्रश्नोत्तरं

ठरावीक प्रश्न येतातच. यात तुझं स्वतःचं काय? हे विकत मिळतं का, मिळत असेल तर कितीला? वीज गेली तर? सेन्सरवर चाळीतली धूळ बसली तर? पंखा बाहेरचीच दमट हवा आत ओढत असेल तर? हा शेवटचा प्रश्न खरोखर अवघड आहे, कारण भर पावसात बाहेरची आर्द्रता चाळीपेक्षाही जास्त असते. ज्या गटाने बाहेर दुसरा सेन्सर लावून 'बाहेरची हवा कोरडी असेल तरच पंखा लाव' अशी अट प्रोग्राममध्ये घातली, तो गट इथे पुढे जातो. तेवढं केलेलं नसेल तर "ते आम्ही अजून तपासलेलं नाही, पण असं तपासू" हे उत्तर चालतं. गोल गोल बोलणं चालत नाही.

उत्तर मुलांनीच द्यायचं. कॅमेऱ्याबाहेरून सर कुजबुजले तरी माइक ते पकडतो.

अपलोड

फुल एचडीमध्ये मोबाइलचा व्हिडिओ मिनिटाला शंभर एमबीच्या आसपास जातो, म्हणून नियमात चालत असेल तर त्याखालच्या दर्जात, म्हणजे ७२० पी मध्येच घ्या. फाइल एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर चित्राचा दर्जा घसरतो. यूट्यूबवर टाकायचा असेल तर 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे लिंक असेल त्यालाच तो दिसेल. 'प्रायव्हेट' ठेवलेला व्हिडिओ परीक्षकांना उघडतच नाही. गूगल ड्राइव्ह असेल तर लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल अशी परवानगी द्या आणि लॉगिन नसलेल्या फोनवर ती उघडून खात्री करा. मुलांचे पत्ते, फोन नंबर, आधारचा फोटो व्हिडिओत कुठेही येऊ देऊ नका.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोर्टल रांगतं, तेव्हा निदान दोन दिवस आधी अर्ज भरून टाका. अर्ज गेल्यावर येणाऱ्या पोचपावतीचा स्क्रीनशॉट शिक्षकांच्या आणि एका पालकाच्या अशा दोन्ही फोनमध्ये ठेवा.