कुत्र्याला वावरात मोकळं सोडण्याआधी
शहरात कुत्र्यांना मोकळं सोडायला कुंपणाची खास मैदानं असतात. आपल्याकडे पऱ्हाटी उपटून झालेलं वावर हीच ती जागा. दिवसभर साखळीला असलेला कुत्रा कंटाळून भुंकतो, माती उकरतो. तोच रोज अर्धा तास मनसोक्त धावला की रात्री निवांत पडतो. पण साखळी एकदम काढू नका. आधी पट्ट्याला 8-10 मीटरचा दोर बांधा, तो मागे घासत जाऊ द्या आणि नाव घेऊन हाक मारा. आला की भाकरीचा तुकडा. उशिरा आला तरी रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी येणारच नाही. दर हाकेला यायला लागला, मग दोर काढा.

वावर आधी स्वतः फिरून बघा. कठडा नसलेली विहीर, रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची तार, शेजारी नुकतीच फवारणी, धुऱ्यावर चरणाऱ्या शेळ्या... यातलं एक जरी दिसलं तरी दुसरी जागा शोधा. जंगल लागून असेल तर अंधार पडायच्या आत घरी. बिबट्याला कुत्रा सोपी शिकार. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत.

पिल्लाला तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तशी. घरी आल्यावर गोचीड बघा. आमच्या मोत्याच्या डाव्या कानात परवा तुरीच्या दाण्याएवढ्या तीन निघाल्या. कुणाला चावला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.