कडकनाथची शुद्ध पैदास कशी करावी आणि हिवाळा कसा काढावा

काळी पिसं दिसली की कडकनाथ, असं समजून हौशी लोक कोंबड्या विकत घेतात आणि तिथेच पैदास बिघडते. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर आणि धार भागात भिल्ल आणि भिलाला कुटुंबांनी ही जात पिढ्यानपिढ्या सांभाळली. तिथे तिला 'कालीमासी', म्हणजे काळ्या मांसाची, म्हणतात. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मागणी वाढली आणि त्याबरोबर भेसळही. प्रदर्शनात उभा करता येईल असा पक्षी तयार करायचा असेल तर पिसांपेक्षा कातडी पाहायला शिका.

आधी पक्षी हातात घ्या

छातीवरची पिसं फुंकर मारून बाजूला करा. खालची कातडी राखाडी-काळी हवी. चोच उघडून जीभ आणि टाळू पाहा, तिथेही काळपट जांभळा रंग हवा. पायाची नळी, बोटं, नखं आणि तळपाय गडद असावेत. तुरा एकेरी आणि दातेरी असतो. तो जांभळट दिसला तर दोष धरू नका, पण लालभडक तुरा, पांढरी कानपाळी, पिवळसर तळपाय किंवा कातडीवर गुलाबी पट्टे असलेला पक्षी पैदाशीत नको. वजनाला भुलू नका. कोंबडा साधारण पावणेदोन ते दोन किलो आणि कोंबडी सव्वा ते दीड किलो भरते. अडीच-तीन किलोचा 'कडकनाथ' कुणी कौतुकाने दाखवला तर त्यात संकर आहे असंच धरून चाला.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. शुद्ध कडकनाथ कोंबडा पांढऱ्या किंवा पिवळ्या पायांच्या साध्या कोंबडीवर सोडला, तर होणाऱ्या माद्या जवळजवळ शुद्ध कडकनाथइतक्या काळ्या निघतात, त्यांचे भाऊ मात्र फिके. कातडीतला काळेपणा दाबणारा घटक लिंग-गुणसूत्रावर असतो. आईकडून तो मुलग्यांना मिळतो, मुलींना मिळत नाही. म्हणून एकटी काळी तलंग (अजून अंडी न देणारी तरुण कोंबडी) पाहून पैसे मोजू नका. त्याच रवणातले, म्हणजे तिच्याबरोबर एकाच वेळी उबवलेले, नर दाखवायला सांगा. भाऊ फिके असतील तर व्यवहार सोडून द्या. माझ्या मते खरेदीच्या वेळी याहून मोलाची तपासणी दुसरी नाही.

कडकनाथमध्ये गडद काळा, पेन्सिल्ड (पिसांवर बारीक रेघा असलेला) आणि सोनेरी असे तीन प्रकार आहेत. ते एकमेकांत मिसळू नका, नाहीतर पुढच्या पिढीत पिसांचा धड एकही नमुना स्वच्छ येत नाही.

तीन गट करा

एकाच कोंबड्यावर वर्षानुवर्षं कळप चालवला की अंडी कमी फळतात आणि पिल्लं अशक्त निघतात. त्यासाठी कळपाचे तीन गट करा. प्रत्येक गटात एक कोंबडा आणि आठ ते दहा कोंबड्या ठेवा. माद्या आणि त्यांच्या मुली कायम आपल्याच गटात राहतील. पहिल्या गटात जन्मलेला निवडक नर दुसऱ्या गटात जाईल, दुसऱ्याचा तिसऱ्यात आणि तिसऱ्याचा पहिल्यात. प्रत्येक गटाला वेगळ्या रंगाची पायातली कडी घाला आणि एक वही ठेवा. कोंबडा बदलला की निदान तीन आठवडे त्या गटाची अंडी उबवायला घेऊ नका, कारण जुन्या नराचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं.

अंडी कधी उबवायची

आपल्याकडची बरीच कृषी प्रदर्शनं डिसेंबर-जानेवारीत भरतात. तोवर पक्षी पूर्ण पिसांचा आणि भरलेला हवा, म्हणजे पिल्लं जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत निघाली पाहिजेत. याचा अर्थ कोंबड्या ऐन थंडीत अंडी देत असायला हव्यात.

इथे दिवस लहान असण्याची अडचण येते. डिसेंबरात नाशिककडे उजेड जेमतेम अकरा तास असतो आणि अंड्यांसाठी चौदा तास तरी लागतो. खुराड्यात पहाटे तीन तास साधा बल्ब लावा. संध्याकाळी लावू नका. दिवा अचानक बंद झाला की माचाणावर न चढलेले पक्षी जमिनीवरच अडकतात.

कडकनाथ कोंबडी सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाही. त्यामुळे गावठी खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवा किंवा उबवणी यंत्र वापरा. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. साठवताना टोकदार बाजू खाली असू द्या. यंत्रात तापमान 37.5 अंशाच्या आसपास ठेवा, शेवटच्या तीन दिवसांत ओलावा वाढवा आणि अंडी फिरवणं थांबवा. एकविसाव्या दिवशी निळसर-काळी, पाठीवर पट्टे असलेली पिल्लं निघतात. फिक्या पायांचं पिल्लू त्याच दिवशी वेगळं नोंदवा. पुढची निवड आठव्या आणि विसाव्या आठवड्यात करा. दहा नरांतला एखादाच पैदाशीला ठेवावा, बाकीचे विकावेत.

थंडीत पिल्लं

पहिल्या आठवड्यात ब्रुडरखाली (पिल्लांना ऊब देणाऱ्या बल्बच्या छत्रीखाली) 35 अंश ऊब हवी, नंतर दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. थंडीत पिल्लामागे दोन वॅट हा हिशोब धरा. थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढली तर गारठा आहे, कडेला पळून चोच उघडी ठेवत असतील तर ऊब जास्त झाली, आणि सगळीकडे पसरून खात असतील तर बरोबर आहे. वीज जाते त्या भागात कोळशाची शेगडी नको, बंद खोलीत तिचा धूर जीव घेतो. बॅटरीची सोय ठेवा. मरेक्स, लासोटा (राणीखेत रोगावरची), गंबोरो या लसींचं वेळापत्रक पशुवैद्यकांकडून लिहून घ्या.

मोठे पक्षी

निफाडसारख्या ठिकाणी पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, पण निरोगी कडकनाथ कोरडी थंडी सोसतो. त्याला मारतो तो ओलावा आणि अमोनिया. भाताचं तूस चार ते सहा इंच अंथरा आणि रोज खालीवर करा. मुठीत दाबल्यावर गोळा झाला तर ते ओलं आहे, बदला. वाऱ्याच्या बाजूला रात्री गोणपाटाचे पडदे सोडा, पण वर वीतभर फट राहू द्या. सकाळी खुराड्यात शिरताच डोळे चुरचुरले तर फट कमी पडतेय. पहाटेचं पाणी कोमट द्या. संध्याकाळच्या खाण्यात थोडा भरडलेला मका वाढवा.

प्रदर्शनाआधी आणि नंतर

शेपटीचं तुटलेलं पीस उपटलं तर नवं यायला सहा-आठ आठवडे लागतात, म्हणून ही तपासणी ऑक्टोबरातच करा. कोंबडा रोज हातात घ्या, छोट्या पिंजऱ्यात उभं राहायची सवय लावा. पायांवर खवले उठले असतील तर करंज तेल चोळा. दोन-तीन दिवस आधी दुपारच्या उन्हात कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करा.

परत आल्यावर पक्षी थेट कळपात सोडू नका. देशात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी 2006 मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. आलेला पक्षी तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवा, त्याचं खाणं-पाणी कळपाचं उरकल्यावर शेवटी करा आणि त्या खुराड्यासाठी चपला वेगळ्या ठेवा. मान वाकडी होणं, हिरवट हगवण किंवा एकाएकी मरतूक दिसली तर पक्ष्याला हात न लावता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.