मॉडेल कागदावरच चुकतं: मापं आणि ड्रॉइंगमधल्या या चुका टाळा

बुरुजाचं शंकूसारखं छप्पर चार मिलिमीटरने बुटकं झालं, तेव्हा मी आधी कात्रीला बोल लावला, मग पुठ्ठ्याला. पायाची त्रिज्या २० मिमी, उंची ४८ मिमी हवी होती. कंपासात ४८ घेतले, कंस मारला, कोन काढला, कापलं, गुंडाळलं, चिकटवलं. बुरुजावर अगदी चपखल बसलं. उंची मोजली तर ४३.६.

शंकू उलगडला की वर्तुळपाकळी मिळते आणि तिची त्रिज्या असते शंकूची तिरकस उंची. मी लंब उंची घेऊन बसलो होतो. २० आणि ४८ या बाजूंचा कर्ण ५२, म्हणून कंपासात ५२ घ्यायला हवे होते. पाकळीचा कोन ३६० × २० ÷ ५२, म्हणजे साधारण १३८.५ अंश. माझ्या चुकीच्या हिशोबात कोन बरोबर १५० आला होता. उत्तर असं गोल आलं की गणित बरोबर असणारच, ही शाळेने लावलेली खोड. वक्रपृष्ठफळाच्या सूत्रात तिरकस उंची लिहून मी परीक्षेत गुण मिळवले होते, पण तीच उंची एक दिवस कंपासात धरावी लागेल हे काही डोक्यात आलं नव्हतं.

दिसते ती लांबी खरी धरणं

माझ्या बहुतेक चुका याच घराण्यातल्या. ड्रॉइंगमध्ये एखादी रेषा दिसते, तिच्यावर पट्टी ठेवून आपण माप उचलतो आणि ती रेषा तिरकी आहे हे विसरतो. कागदाला समांतर असलेल्या रेषेचीच लांबी कागदावर खरी दिसते. बाकीच्या सगळ्या आखूड दिसतात.

साधं दोन पाख्यांचं घर घ्या. निम्मी रुंदी ६० मिमी, आढ्याचा चढ ४५ मिमी. प्लॅनमध्ये, म्हणजे वरून पाहिलेल्या दृश्यात, एक पाखं ६० रुंद दिसतं, बाजूच्या एलिव्हेशनमध्ये, म्हणजे बाजूने पाहिलेल्या उभ्या दृश्यात, ४५. दोन्ही खोटं. खरं माप ७५, आणि ते समोरच्या एलिव्हेशनमधल्या तिरक्या कडेवर मिळतं. पाखं ६० चं कापलं तर ते आढ्यापर्यंत पोचतच नाही. मग माणूस भिंती आत ढकलून बघतो आणि घर वाकडं होतं. छप्पर पुरत नाही म्हणून भिंतींना हात लावायचा नाही, आधी ड्रॉइंगकडे परत जायचं.

चौपाखी छपराचा कोनवासा, म्हणजे कोपऱ्यातून वर जाणारी तिरकी धार, याहून लबाड. त्याच मापांवर, दोन्हीकडून ६० आत आणि ४५ वर असं धरलं, तर ही धार प्लॅनमध्ये ८४.९ दिसते आणि दोन्ही एलिव्हेशनमध्ये ७५. खरी लांबी ९६. तिन्ही दृश्यांत ती कुठेच नाही. इथे कॅल्क्युलेटरही लागत नाही. प्लॅनमधली लांबी कर्कटकात धरून आडवी आखा, एका टोकाला ४५ चा लंब उभारा आणि कर्ण मोजा.

उतार अंशांत दिला असेल तर कोनमापकापेक्षा टॅनवर, म्हणजे उभं भागिले आडवं या गुणोत्तरावर, भरवसा ठेवा. ३५ अंशांचा उतार म्हणजे ६० आडवं, ४२ उभं. हे दोन बिंदू पट्टीने मांडता येतात. कोनमापकावर एका अंशाची चूक सहज होते आणि २०० मिमी लांबीवर तिचे साडेतीन मिलिमीटर होतात.

प्रमाणाचा घोळ

१:४८ चं ड्रॉइंग आहे, मॉडेल १:७२ चं करायचं आहे. किती टक्क्यांनी छापायचं? ४८ ÷ ७२, म्हणजे ६६.७ टक्के. घाईत भागाकार उलटा होतो आणि १५० टक्क्यांचं धूड बाहेर येतं. आकडा मोठा तर मॉडेल लहान, एवढं मनाशी बोलून मगच छापा.

दुसरी चूक दिसायला किरकोळ: आकडे लवकर गोल करणं. १:७२ मध्ये एक फूट म्हणजे ४.२३ मिमी. 'चार धरू या' म्हटलं की संपलं. सुरुवातीच्या स्पिटफायर विमानाचा पंखविस्तार ३६ फूट १० इंच, म्हणजे ११,२२७ मिमी. ७२ ने भागलं की १५५.९. फुटाला चार धरून तो १४७.३ येतो. साडेआठ मिलिमीटर गेले, आणि पंख तोकडे का दिसतात याचा शोध तुम्ही धडात घेत बसता. पूर्ण माप आधी मिलिमीटरमध्ये आणा, एकदाच भागा आणि शेवटी गोल करा.

प्रमाण ताडून बघायला कोणती वस्तू निवडता तेही पाहा. एचओ या १:८७ च्या मॉडेल रेल्वेत रुळांमधलं अंतर १६.५ मिमी, ते ८७ पट केलं की साधारण १४३५ येतात, हेच खऱ्या स्टँडर्ड गेजचं माप. ओओ या दुसऱ्या प्रकारची रेल्वे मॉडेलं मात्र १:७६.२ ची असूनही त्याच १६.५ च्या रुळांवर धावतात. तिथे रूळ मोजून प्रमाण काढलं तर फलाटापासून पुलापर्यंत सगळं चुकणार.

प्रमाण लांबीला लागतं, क्षेत्रफळाला त्याचा वर्ग आणि घनफळाला घन. आयफेल टॉवर ३३० मीटर उंच, त्याचा लोखंडी सांगाडा ७,३०० टनांचा. हजारपट लहान केला की उंची ३३ सेंटीमीटर, आणि त्याच लोखंडात तंतोतंत घडवला तर वजन ७.३ ग्रॅम! रंग किती लागेल किंवा उडणारं मॉडेल किती वजनाचं व्हावं याचा अंदाज लांबीच्या प्रमाणात बांधणारे इथेच फसतात.

प्रिंटरबद्दल थोडक्यात. 'पानात बसवा' हा पर्याय बंद करा. ड्रॉइंगवर १०० मिमीची एक आडवी आणि एक उभी रेषा काढून ठेवा, आणि छापल्यावर दोन्ही मोजा. एकाच दिशेने आखूड आली असेल तर नुसती टक्केवारी बदलून भागत नाही.

एकामागून एक मोजत जाणं

१३७ मिमीच्या भिंतीत ११ सारख्या फळ्या आखायच्या आहेत. भागाकार १२.४५ आणि पुढे काहीबाही. १२.५ धरून एकामागून एक खुणा केल्या तर शेवटची खूण भिंतीच्या बाहेर, १२.४ धरले तर शेवटी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त उरतं. वर प्रत्येक खुणेला पेन्सिलीची जाडी. अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ १:७२ मध्ये ३६ मिलिमीटर असते. खुणा शून्यापासूनच मोजाव्यात, हे झालंच.

पण इथे शाळेतली एक रचना भागाकारापेक्षा सरस आहे. भिंतीच्या एका टोकातून कशीही तिरकी रेषा काढा. कर्कटकात सोयीचं अंतर, समजा १३ मिमी, धरून तिच्यावर ११ टप्पे टाका. अकरावा बिंदू भिंतीच्या दुसऱ्या टोकाला जोडा. मग पट्टीला गुण्या टेकवून तो सरकवत उरलेल्या दहा बिंदूंतून त्या रेषेला समांतर रेषा काढत या. भिंतीवर अकरा सारखे भाग पडतात, दशांश चिन्ह न लिहिता. गुण्या सरकवताना पट्टी हलू द्यायची नाही, एवढंच पथ्य.

बाकीचे चोर

पुठ्ठ्याला जाडी असते, भूमितीतल्या रेषेला नसते. ३० मिमी व्यासाच्या नळीभोवती १ मिमीचा पुठ्ठा गुंडाळताना ३० चा परीघ, ९४.२, घेतला की तीन मिलिमीटरची फट पडते. जाडीच्या मध्यावरचा व्यास ३१ धरा, म्हणजे ९७.४. चौकोनी डब्यात आत बसणाऱ्या दोन भिंतींतून दुप्पट जाडी वजा करा.

कर्ण सारखे भरले म्हणजे काटकोन झाला, असं नाही. समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण सारखे असतात. आधी समोरासमोरच्या बाजू मोजा, मग कर्ण.

षटकोनी बुरुजाच्या पट्ट्यांच्या कडा किती अंशांनी तासायच्या? आतला कोन १२०, त्याचा निम्मा ६०, आणि बरेच जण करवतीवर ६० लावतात. पण करवतीवरचा अंश काटकोनी कापापासून मोजतात, म्हणून हवे ३०. ६० ने कापलेल्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या की त्रिकोणी डबा होतो. सांध्यात फट पडत असेल तर ती कुठे आहे ते बघा: बाहेरच्या बाजूला असेल तर कड कमी तासली गेली आहे, आतल्या बाजूला असेल तर जास्त.

आणि आरसा. ड्रॉइंगमध्ये दृश्यं मांडायच्या दोन पद्धती आहेत. प्रथम कोन पद्धतीत डावीकडून पाहिलेलं दृश्य समोरच्या दृश्याच्या उजवीकडे काढतात, अमेरिकेत रूढ असलेल्या तृतीय कोन पद्धतीत डावीकडेच. शंकूच्या तुकड्याचं आणि दोन वर्तुळांचं छोटं चिन्ह ड्रॉइंगवर असतं ते यासाठीच. त्याकडे न बघता मी एका घराचं धुराडं डाव्या भिंतीऐवजी उजव्या भिंतीला लावलं. चिकटवणं इतकं पक्कं झालं होतं की काढता आलं नाही. त्या घराचा फोटो काढतो तेव्हा उलटा करून घेतो.