मुलं लहान असतानाच मृत्युपत्र कसं करावं

पस्तिशीतला माणूस मृत्युपत्र न करता गेला. मागे बायको, दोन लहान मुलं आणि आई. राहता फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 नुसार (बौद्ध, जैन, शीख यांनाही हाच लागू) त्या फ्लॅटचे चार सारखे हिस्से होतात. बायकोला फ्लॅट विकून गावाकडे जायचं असेल, तर निम्मा हिस्सा अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलांचा. तो मुलांची आई म्हणून तिलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तसाच विकला तर मुलं सज्ञान झाल्यावर व्यवहार रद्द करून घेऊ शकतात, त्यामुळे खरेदीदार फिरकत नाही. फ्लॅट बायकोला देणारी मृत्युपत्रातली एक ओळ हा सगळा फेरा वाचवते.

‘नॉमिनी लावलाय’ यावर विसंबू नका. नॉमिनी साधारणपणे वारसांच्या वतीने रक्कम किंवा हक्क सांभाळतो. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात मात्र आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. भाषा मराठी चालते. पण कागदच हवा. ई-स्वाक्षरी मृत्युपत्राला लागू नाही. नवरा-बायकोने वेगवेगळी करावीत.

फ्लॅटचा पत्ता, सोसायटीच्या भागपत्राचा (शेअर सर्टिफिकेटचा) क्रमांक, जमिनीचा गट नंबर, बँक आणि शाखा नेमकी लिहा. शिल्लक रक्कम लिहू नका, ती रोज बदलते. शेवटी ‘याखेरीज माझी जी काही मालमत्ता असेल ती अमुक व्यक्तीला’ हे वाक्य हवंच. ते राहिलं की पुढे घेतलेला प्लॉट मृत्युपत्राबाहेर पडतो. आणि जोडीदार आधी किंवा सोबतच गेला तर काय, हेही लिहा. एकाच अपघातात दोघं जाऊ शकतात. अप्रिय आहे, पण मुलं लहान असताना सगळ्यात मोलाचं कलम हेच.

त्यातच मुलांचा पालक नेमा. वडिलांनी नेमलेला पालक आई हयात असेपर्यंत लागू होत नाही, म्हणून आईनेही आपल्या मृत्युपत्रात तेच नाव घालावं. नाव घालण्याआधी त्या व्यक्तीला विचारा. पैसा सांभाळायला मात्र वेगळा विश्वस्त नेमावा असं आमचं मत. मूल वाढवणारा आणि तिजोरीची किल्ली असलेला एकच असला की हिशेब विचारणारं कोणी उरत नाही. तरतूद केली नाही तर अठराव्या वर्षी सगळी रक्कम मुलाच्या हातात येते. शिक्षण आणि उपचार यांवर खर्च करून उरलेलं पंचविसाव्या वर्षी द्यावं, असं विश्वस्ताला लिहून ठेवता येतं.

सही करताना दोन साक्षीदार समोर हवेत आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करावी. त्यांनी मजकूर वाचायची गरज नाही. ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत, संशयाला जागा राहते. साक्षीदार तुमच्याहून तरुण निवडा: वाद झाला तर सही सिद्ध करायला किमान एकाला न्यायालयात उभं राहावं लागतं. प्रत्येक पानावर सही, शेवटी तारीख. खाडाखोड झाली तर पान पुन्हा छापा.

नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या. नंतर बदल केला तर तोही दोन साक्षीदारांसमोरच.

मुस्लिम कायद्यात एक तृतीयांशापेक्षा जास्त द्यायचं, किंवा साधारणपणे वारसालाच द्यायचं, तर बाकी वारसांची संमती लागते. गोव्यात मुलांचा हक्काचा निम्मा वाटा काढून घेता येत नाही. तिथल्यांनी स्थानिक वकील गाठावा.

मूळ प्रत एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. नॉमिनी नसेल तर लॉकर उघडायलाच बँक वारसाची कागदपत्रं मागेल, आणि ती आतच अडकलेली असतील.